मिलूदला गाणी कोणी शिकवली

ओरान शहराच्या एल हमरी वस्तीतल्या त्या चौकाच्या घरात पाच बिऱ्हाडं होती, आणि पाचही बिऱ्हाडांना मिलूदची गाणी पाठ झाली होती. पाठ म्हणजे सुरुवातीपुरती. शेवट कुणाच्या कानी पडलाच नव्हता. दुपारची जेवणं आटोपली की हा पोरगा गच्चीवर तेलाचे रिकामे डबे उपडे मांडून बसायचा, गाणं पहिल्यापासून धरायचा, दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी गडबडायचा, स्वतःलाच एक शिवी हासडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. तळमजल्यावरची शेजारीण एकदा चौकात उभी राहून त्याला म्हणाली, "बाबा रे, पुढं काय होतं ते एकदा वाजव. आम्ही मरायच्या आत कळू दे."

हात मात्र त्याचे देखणे होते. मनगटात ताकद होती, दम होता, आणि वर रूप असं, की ड्रमसेटच्या मागं बसला तरी बायका गायकाला सोडून त्याच्याकडे बघायच्या. पण गाणं त्याच्या डोक्यात टिकायचं नाही. चाळणीत पाणी ओतावं तसं. पहिल्या बँडनं त्याला महिन्याभरात घरी पाठवलं. एका लग्नात गाणं संपलं, सगळे थांबले, आणि हा एकटाच डोळे मिटून वाजवत राहिला. नवरदेवाच्या मामानं टाळ्या वाजवून त्याला जागं केलं. त्यानंतर ओरानभर त्याला 'अजून वाजतोय' म्हणू लागले.

त्याची थोरली बहीण बद्रा. ती लल्ला सेत्तीच्या ताफ्यात बेंदीर वाजवायची. बेंदीर म्हणजे आपल्या डफासारखंच, फक्त आतून आतड्याची तार ताणलेली, त्यामुळे थाप पडली की मागून एक झणझण येत राहते. लग्नात बायकांची मैफल दुपारची आणि वेगळ्या घरात असायची. तिथं पुरुषाला मज्जाव, म्हणून गाणाऱ्या-वाजवणाऱ्याही बायकाच. वडील बंदरावर मालाची चढउतार करायचे. ते गेले तेव्हा बद्रा जेमतेम वयात आली होती. लल्ला सेत्तीनं तिला आधी चहाचे पेले धुवायला ठेवलं, मग शेजारी बसवलं, आणि वर्षभर वाजवू दिलं नाही.

लल्ला सेत्ती जाडजूड बाई होती. पुढचा एक दात सोन्याचा, आवाज तंबाखूनं खरबरीत झालेला. नवं गाणं आलं की ती बद्राला म्हणायची, हात मांडीखाली दाबून बस. कान भरल्याशिवाय हात बाहेर काढायचा नाही. गाणारी श्वास कुठं घेते ते आधी ऐक. मग सगळे थांबतात कुठं ते ऐक. मग घरी जा, भांडी घासताना ते गाणं गा, आणि गाता आलं नाही तर उद्या वाजवायला येऊ नकोस. "नव्या गाण्यात नवं फार थोडं असतं, पोरी," ती म्हणायची. "बाकी सगळं आपण कधीतरी वाजवलेलं असतं. नवं तेवढं हुडकून काढ आणि तेवढ्याचीच घोकणी कर. अख्खं गाणं घोकत बसतात ते गाढव."

बद्रानं हे नुसतं ऐकलं नाही, ते तिच्या अंगात मुरलं. एकदा मुआस्करकडच्या एका खेड्यातलं वऱ्हाड आलं होतं. नवरीच्या आजीनं हट्ट धरला, की आमच्या गावचं गाणं झाल्याशिवाय नवरीच्या हाताला मेंदी लागणार नाही. ताफ्यात ते गाणं कुणाला येत नव्हतं. बद्रा मुदपाकखान्यात गेली, कुसकुस चाळत बसलेल्या त्या म्हातारीसमोर बसली आणि ते गाणं एकदा ऐकून आली. मेंदीच्या वेळी ताफ्यानं ते वाजवलं तेव्हा म्हातारी रडली, आणि मग रागावली, की आमचं गाणं तुम्ही कुठून चोरलंत. लल्ला सेत्तीनं त्या दिवशी स्वतःच्या ताटातलं मांस उचलून बद्राच्या ताटात ठेवलं. 

मिलूदला दुसरी संधी मिळाली ती शेब झुबेर या गायकाकडे. झुबेर तेव्हा नुकता उजेडात येत होता. त्याचा ड्रमवाला सक्तीच्या लष्करी नोकरीत गेला आणि ऐनवेळी कुणीच मिळेना, म्हणून त्यानं मिलूदच्या हातात कॅसेट दिली. गुरुवारी लग्न आहे, तोवर सगळी गाणी बसव. मिलूद घरी आला आणि कॅसेट टेबलावर ठेवून तिच्याकडे नुसता बघत बसला. बद्रा रव्याची भाकर मळत होती. तिनं हात धुतले नाहीत, तशीच पिठाच्या बोटानं तिनं टेपचं बटण दाबलं. मिलूदनं सवयीनं चमचे उचलले.

"ठेव ते खाली," ती म्हणाली. "हात मांडीखाली घाल."

"मांडीखाली कशाला?"

"घाल म्हणते ना. आता सांग, हे गाणं संपतं कुठं?"

"ते मी कसं सांगू? तिथवर अजून गेलोच नाही मी."

"म्हणूनच विचारतेय."

तिनं त्याला गाणी उलटी शिकवली. आधी शेवट. मग कडव्यावरून ध्रुवपदावर येताना जो उंबरा असतो, तो. तेवढेच तुकडे पुन्हा पुन्हा. मधला सपाट भाग त्याचे हात आपोआप भरून काढायचे, तिथं त्याला कुणाची गरज नव्हती. वाजवण्याआधी तोंडानं बोल म्हणायला लावले. म्हणताना चुकला की ती कणीक मळायची थांबायची; पुढं जायचंच नाही. आणि लक्षात राहावं म्हणून तिनं एकेका ठेक्याला नाव ठेवलं. उतारावर सुटणारी, हरभऱ्याच्या पिठाची कारांतिका विकणाऱ्याची गाडी. यम्माचं, म्हणजे आईचं, कपडे आपटणं. एका ठिकाणी सगळं वादन एकदम थांबवून मग पुन्हा उचलायचं होतं, त्याला तिनं नाव दिलं 'खारट कॉफी', कारण ओरानच्या नळाचं पाणी खारट, आणि पाहुणा पहिला घोट घेऊन असाच क्षणभर थांबायचा. मिलूद हसला आणि ते त्याला आयुष्यभर लक्षात राहिलं.

गुरुवारचं लग्न त्यानं निभावलं. पुढच्या आठवड्यात झुबेरनं दुसरी कॅसेट दिली, मग तिसरी. वर्षा-दोन वर्षांत शहरात बोलबाला झाला, की मिलूदला आज गाणं द्या, उद्या वाजवून घ्या. कुणाचा ड्रमवाला आजारी पडला, कुणाचा पळून गेला, की मिलूदकडे माणूस यायचा. 'अजून वाजतोय' हे नाव विरून गेलं. तो माणसाला म्हणायचा, कॅसेट ठेवून जा, उद्या बघू. आणि घरी येऊन ती स्वयंपाकघरात नेऊन ठेवायचा.

बद्राला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. दुपारी तिचा ताफा, संध्याकाळी भावाची कॅसेट; तिचं डोकं गाण्यांनी भरलेलं असायचं. स्थळं यायची. वाजवणं सोडशील का, असं पहिल्या भेटीतच विचारायची. तिनं एकाला नाही सांगितलं, मग दुसऱ्याला. मग स्थळं यायची थांबली. यम्मा कुरकुरायची, पण बद्राची कमाई घरात येत होती म्हणून फार ताणायची नाही.

मिलूदचं लग्न ठरायला आलं तेव्हा गोष्ट बदलली. मुलगी कस्टममधल्या कारकुनाची. मुलगा वाजवणारा आहे हे त्यानं कसंबसं गिळलं, कारण मुलाचा फोटो कॅसेटच्या वेष्टनावर छापून आला होता. पण नवरदेवाची बहीण लग्नघरी बायकांत बसून वाजवते आणि नाचणाऱ्यांच्या हातून बक्षिसी घेते, हे त्याला खपेना. त्यानं निरोप पाठवला. मिलूदनं तो बद्राला सांगितला नाही. यम्माला सांगितला, आणि यम्मानं जेवताना विषय काढला तेव्हा तो खाली बघून भाकरीचे तुकडे करत बसला.

"तुझं काय जातंय?" यम्मा म्हणाली. "बायकांतलं वाजवणं ते. तुझ्या नावाची कॅसेट निघणार आहे का? त्याचं लग्न मोडलं तर पुन्हा असं घर मिळायचं नाही."

बद्रानं भावाकडे पाहिलं. "तुझं काय म्हणणं आहे?"

"मी काय म्हणणार," मिलूद म्हणाला. "तुलाच वाटत असेल तर."

तिनं ताफ्याकडे जायचं बंद केलं. निरोपही पाठवला नाही, कारण काय निरोप द्यायचा ते तिला सुचेना. दोन लग्नं तिच्याशिवाय झाली, तेव्हा लल्ला सेत्ती स्वतः धापा टाकत जिना चढून आली. यम्मानं तिला बसवलं, कॉफी दिली, आणि बद्राला बरं नाही असं सांगितलं. बद्रा पडद्यामागं उभी होती. लल्ला सेत्तीला ते दिसत होतं. पडद्याखालून तिची पावलं दिसत होती.

"पोरी, बाहेर येऊ नकोस," ती पडद्याकडे बघून म्हणाली. "एवढंच सांग. तू सोडतेयस, की तुला सोडायला लावतायत?"

पडदा हलला नाही. लल्ला सेत्तीनं वाट पाहिली. मग पेला खाली ठेवून उठली, आणि यम्माला म्हणाली की मुलाचं लग्न सुखाचं होवो. त्यानंतर ती त्या घरात कधी आली नाही. बद्राच्या जागी तिनं दुसरी मुलगी घेतली, आणि ती वर्षभर मांडीखाली हात दाबून बसत असे, असं बद्राच्या कानावर आलं.

त्याच आठवड्यात मिलूदनं नवी कॅसेट आणली. बद्रानं ती शिकवली. तिला राग आला नव्हता असं नाही. पण आता तिच्याकडे गाणं येण्याचा तेवढा एकच रस्ता उरला होता, आणि तोही बंद करण्याइतका जीव तिच्यात नव्हता. मिलूदच्या लग्नात ती पाहुण्यांत बसली. वाजवायला बायकांचा दुसराच ताफा होता; तो एका गाण्यात चुकला, तेव्हा तिच्या बोटांनी ओढणीखाली ती जागा भरून काढली. नव्या वहिनीनं ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

मग ती वाईट वर्षं आली. संध्याकाळ झाली की दारं बंद व्हायची. गाणं पाप मानणाऱ्या बंदूकवाल्यांकडून गाणाऱ्यांना धमक्या येऊ लागल्या, मग गोळ्या. झुबेर आधी समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये मार्सेयला गेला, पाठोपाठ मिलूद, आणि सहा महिन्यांनी त्याची बायको. जाताना त्यानं यम्माच्या हाताचा मुका घेतला, बद्राला म्हणाला, तिकडं बस्तान बसलं की तुम्हाला बोलावतो. तो खरंच बोलावणार आहे असं त्या वेळी त्यालाही वाटत असावं.

मार्सेयला बँड मोठा होता आणि गाणी रोजची नवी. मिलूदला घाम फुटला. महिन्याभरात बोटीनं येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर कॅसेट आली. सोबत चिठ्ठी नव्हती, गरजच नव्हती. बद्रानं ती ऐकली, उलट बाजूवर स्वतःचा आवाज भरला आणि परत धाडली. सुरुवातीला तिला संकोच वाटायचा. मग ती मोकळी बोलू लागली. शेवट असा आहे बघ. दुसऱ्या कडव्यानंतर हा अर्धा श्वास घेतो, तिथं घाई करू नकोस. इथं यम्माचे कपडे. इथं कारांतिकाची गाडी, पण उलटी, चढावर ढकलायची आहे. मांडीवर वाजवून दाखवायची. शेवटी यम्मा टेपजवळ येऊन आशीर्वाद द्यायची आणि जेवतोस ना, म्हणून विचारायची. उत्तराची वाट बघत क्षणभर गप्प बसायची, आणि ती शांतताही कॅसेटवर जायची.

अशी काही वर्षं गेली. नंतर कॅसेटा विरळ झाल्या आणि मग यायच्या थांबल्या. बद्रा घाबरली. शेजारच्या दुकानातून तिनं फोन केला तेव्हा वहिनीनं उचलला. मिलूद छान आहे, म्हणाली. त्यानं शिकवणी काढली आहे, फ्रेंच मुलंसुद्धा येतात. त्याची एक खास पद्धत आहे म्हणे गाणं पटकन बसवायची. बद्रा म्हणाली, बरं झालं. फोन ठेवल्यावर बराच वेळ ती दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. दुकानदारानं पाणी आणून दिलं.

यम्मा अंथरुणाला खिळली ती चार वर्षं. उचलणं, धुणं, पुसणं सगळं बद्रानं केलं, शिवाय शिलाईचं काम. यम्मा गेली तेव्हा मिलूदला कागदपत्रांच्या भानगडीत निघता आलं नाही. त्यानं फोनवर रडून घेतलं. लल्ला सेत्ती त्याच हिवाळ्यात गेली, आणि ते बद्राला महिन्यानंतर हमामात कळलं, दोन अनोळखी बायका पाठ चोळता चोळता बोलत होत्या तेव्हा.

मिलूद आला दोन हजार आठच्या उन्हाळ्यात. केस पांढरे, पोट सुटलेलं, डोक्यावर चांगलीशी हॅट. समुद्राकाठच्या खुल्या नाट्यगृहात मोठा कार्यक्रम होता आणि त्याला खास बोलावलं होतं. उतरला हॉटेलात, तुमच्याकडे नळाला पाणी कधी येतं कधी नाही, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. बहिणीला भेटायला आला तेव्हा त्यानं अत्तर आणलं होतं. यम्माच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला आणि आत गेला नाही.

कार्यक्रमाआधी त्यानं सांस्कृतिक केंद्रात तरुण मुलांसाठी एक वर्ग घेतला. बद्राला हे त्यानं सांगितलं नव्हतं; बेकरीच्या काचेवरची जाहिरात वाचून ती गेली आणि मागच्या रांगेत बसली. तिला उत्सुकता होती, दुसरं काही नाही. मिलूद पुढं आला आणि ड्रमसेटसमोर बसलेल्या पहिल्याच मुलाला म्हणाला, "काठ्या ठेव. हात मांडीखाली घाल."

बद्राच्या अंगावर काटा आला. सुखाचाच काटा होता तो. पुढचा तासभर ती ऐकत होती आणि प्रत्येक वाक्य त्याच्या आधी तिच्या ओठांवर येत होतं. शेवट आधी. उंबरे घोका, अंगण घोकू नका. तोंडानं म्हणता येत नाही ते हातानं येणार नाही. यम्माचे कपडे, कारांतिकाची गाडी, खारट कॉफी. मुलं हसत होती, लिहून घेत होती. चांगलं शिकवत होता तो. तिला अभिमानसुद्धा वाटला.

मग पुढं बसलेल्या एका मुलीनं विचारलं, की हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं.

मिलूदनं हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. बंदरावर एक म्हातारा होता, तो म्हणाला. एका डोळ्यानं आंधळा. सारडीनच्या पेट्यांवर वाजवायचा. मी लहान होतो, बापाला डबा द्यायला जायचो तेव्हा त्याच्याजवळ बसायचो. त्यानंच मला पहिल्यांदा हात मांडीखाली घालायला लावले. त्याचं नाव काय होतं ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि एक दिवस तो यायचा थांबला.

 एका मुलाचे डोळे भरून आले. बद्राच्या लक्षात आलं की ही गोष्ट त्यानं आज रचलेली नाही; ती बऱ्याच ठिकाणी सांगून गुळगुळीत झालेली आहे. तेवढ्यात त्याची नजर मागच्या रांगेपर्यंत आली. त्यानं तिला पाहिलं. तो अडखळला नाही. त्यानं पाण्याचा घोट घेतला आणि पुढचा प्रश्न घेतला.

दुसऱ्या दिवशी तो दुपारी जेवायला आला. तिनं हरीऱ्याचं सूप केलं होतं, त्याला आवडतं म्हणून. तो कालच्याबद्दल काही बोलला नाही. जेवण झाल्यावर म्हणाला, एक काम आहे. संयोजकांनी शेखा झुलैखाला मंचावर आणायचं ठरवलं होतं. ती लल्ला सेत्तीच्या पिढीतली, बायकांच्या मैफलीत गाणारी, आता पंच्याहत्तरीला टेकलेली. ती जुनी मेंदीची गाणी म्हणणार आणि साथ मिलूदनं करायची. उद्या तालीम, परवा कार्यक्रम. ती गाणी त्याला येत नव्हती. पुरुषांना ती कुठून येणार.

"तुला सगळी येतात," तो म्हणाला. "दोन तास बस माझ्याबरोबर. पूर्वीसारखं."

बद्रा भांडी गोळा करत होती. तिनं ती परत खाली ठेवली.

"त्या बंदरावरच्या म्हाताऱ्याला विचार," ती म्हणाली.

मिलूद थोडा हसला. "अगं, लोकांना काहीतरी गोष्ट लागते. रेडिओवाल्यांनी एकदा विचारलं, मी सांगून टाकली. मग तीच चालत राहिली."

"होती ती का नाही सांगितलीस?"

"काय सांगू? की कणीक मळता मळता बहिणीनं शिकवलं? हसले असते मला."

"मग हसले असते. म्हाताऱ्याला दुसरा डोळा का नाही ठेवलास?"

"काय?"

"एका डोळ्यानं आंधळा का केलास त्याला? दोन्ही डोळे ठेवले असते तर गोष्ट कमी पडली असती का? तुला एवढं सगळं सुचलं. डबा सुचला, सारडीनच्या पेट्या सुचल्या. म्हाताऱ्याच्या जागी एक बाई नाही सुचली? माझं नाव नको होतं. नुसती एक बाई."

मिलूदचा आवाज चढला. "तुझं काय गेलं त्यात? तुला इथं कोण ओळखत होतं, की तुझं नाव मी बुडवलं?"

"सेत्तीच्या ताफ्यातल्या बायका ओळखत होत्या," ती म्हणाली. "लग्नघरं ओळखत होती. तू खाली बघून भाकरीचे तुकडे करत होतास त्या दिवसापर्यंत."

तो दिवस त्याला आठवला की नाही, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. तिला वाटलं, बहुतेक आठवत नसावा. तो उठला, हॅट घातली, दारापर्यंत गेला आणि तिथून म्हणाला, "म्हणजे नाही शिकवणार."

"नाही."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला नाही म्हटलं होतं. संध्याकाळपर्यंत तिला हलकं वाटत होतं. उद्या त्याची तालीम कशी होईल ते ती मनात बघत होती. तो पहिल्यापासून धरतोय, गडबडतोय, झुलैखा कंबरेवर हात ठेवून बघतेय. त्या गाण्यांत फसवे थांबे होते. ते कानानं सापडत नसत, कुणीतरी बोट धरून दाखवावे लागत. परवा सगळं शहर बघेल, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल तिला लाजही वाटली नाही.

कार्यक्रम टीव्हीवर दाखवणार होते. शेजाऱ्यांनी तिला आग्रहानं बोलावून पुढं बसवलं, अंगणातल्या सगळ्या बायका जमल्या, भुईमूग भाजले. झुलैखाला दोघांनी धरून मंचावर आणलं. मिलूदनं ड्रमसेट बाजूला ठेवून मांडीवर बेंदीर घेतलं होतं. बद्रा पुढं सरकून बसली.

त्यानं वाजवलं. पहिलं गाणं नीट, दुसरं नीट. फसवे थांबे त्याला सगळे ठाऊक होते. झुलैखाकडून तालमीत त्यानं ते काढून घेतले असणार. आधी तिला शेवट म्हणायला लावला असणार, मग उंबरे, हात मांडीखाली दाबून. तिसऱ्या गाण्यात एका जागी तो किंचित उशिरा आला, पण उशीर मुद्दामच केल्यासारखा त्यानं तो पुढच्या आवर्तनात पुन्हा केला. चूक झाली की तीच पुन्हा करायची, म्हणजे ती चूक राहत नाही. हेही तिनंच कॅसेटवर सांगितलं होतं. घरातल्या बायकांनी जीभ हलवत आनंदाच्या लकेरी दिल्या. नाट्यगृह उभं राहिलं. झुलैखा रडत होती आणि मिलूदच्या कपाळाचा मुका घेत होती.

"काय भाऊ आहे, खाल्ती," शेजारची सून बद्राला म्हणाली; खाल्ती म्हणजे मावशी. "नजर ना लागो. जुनी गाणी कशी जपली आहेत त्यानं."

बद्रा म्हणाली, "हो." भुईमुगाची टरफलं मांडीवरून झटकली आणि घरी आली. तिच्या नकारानं त्याचं काहीच अडलं नव्हतं. शिकवणंच इतकं चांगलं झालं होतं, की आता तिची गरज उरली नव्हती. चीड कुणावर काढावी हेच तिला उमगेना. तिनं सकाळच्या भाकरीसाठी रवा भिजवला, आणि मग तो तसाच ठेवून झोपली.

मिलूद तिला न भेटता बोटीनं परत गेला. बेकरीत तिच्यासाठी एक पिशवी ठेवून गेला होता. त्यात गुडघ्यांचं औषध आणि कार्यक्रमाची छापील पत्रिका होती. औषध तिनं तळमजल्यावरच्या म्हातारीला देऊन टाकलं. पुढं ईदला वहिनीचा फोन यायचा. मिलूद कामात आहे, सलाम सांगितलाय, असं ती म्हणायची. बद्राही सलाम सांगायची. त्याच्या शिकवणीचं एक पुस्तक फ्रान्समध्ये निघालं असं कुणीतरी सांगत आलं. तिनं ते बघितलं नाही.

दोन वर्षांनी त्याच घरात, समोरच्या बिऱ्हाडात लग्न निघालं. आता ताफे कुणी बोलवत नव्हतं. एक मुलगी यंत्र घेऊन आली होती, ती बटणं दाबून गाणी लावायची. भर दुपारी वीज गेली. बायका घामाघूम होऊन बसल्या, नवरी मेंदीचे हात वर धरून ताटकळली. कुणीतरी कपाटावरून एक बेंदीर काढून आणलं, धूळ पुसली. ते या हातातून त्या हातात फिरलं. ज्यांना येत होतं त्या बायका कधीच मेल्या होत्या. नवरीची मावशी परगावची होती, तिला कुणाचं काही माहीत नव्हतं. तिनं बेंदीर बद्रासमोर धरलं.

"खाल्ती, तुमच्या काळात वाजवायच्या ना सगळ्या? येतं का काही?"

बद्रानं बेंदीरच्या तोंडाकडे पाहिलं. चामडं ढिलं पडलं होतं. उन्हात धरलं असतं तर घडीभरात ताणलं गेलं असतं.

"मला नाही येत," ती म्हणाली. "आमच्यात वाजवायचा तो माझा भाऊ."

मावशी पुढं सरकली. एका तरुण पोरीनं हौसेनं ते घेतलं आणि कसंबसं बडवायला सुरुवात केली, ठेका एकीकडे आणि टाळ्या दुसरीकडे. बायका हसत होत्या. बद्रा उठली आणि चहाचे पेले गोळा करून धुवायला घेऊन गेली.